रोहिंग्या परत जातील, पण कुठल्या कागदावर?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर, म्यानमारमधून पळून बांगलादेशात आलेल्या रोहिंग्या मुसलमानांना परत पाठवण्याबद्दल कुणीतरी सहज लिहून गेलं, "एवढं काय त्यात, गाड्यांत बसवा आणि सोडा नदीपलीकडे." तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं. त्या धाग्याचा विषय वेगळा होता, म्हणून इथे लिहितेय.

त्या गाड्या मी पाहिल्या आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरात मी बांगलादेशात कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखियाला होते, एका मदतसंस्थेच्या दवाखान्यात परिचारिकांना शिकवायच्या कामावर. पहिली तुकडी परत पाठवायची तारीख १५ नोव्हेंबर ठरली होती. उंचिप्रांग छावणीबाहेर बसगाड्या येऊन थांबल्या होत्या. दिवसभरात एक माणूस चढला नाही. छावणीतले लोक ओरडत होते, "न जाइयुम, न जाइयुम." नाही जाणार. त्यांची भाषा चाटगावच्या बोलीला इतकी जवळची आहे की आमच्या ड्रायव्हरला ती थेट कळायची, मला त्यानेच अर्थ सांगितला. यादीत नावं असलेली कितीतरी कुटुंबं तोवर झोपड्या सोडून दुसऱ्या छावण्यांत पांगली होती.

त्या आठवड्यात दवाखान्यात बायका रक्तदाब तपासायला म्हणून यायच्या आणि हळूच विचारायच्या, "यादीत माझं नाव आहे का?" आम्हाला ठाऊक असेल असं त्यांना वाटायचं. एक बाई, असेल चाळिशीची, तिने पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी घालघालून जीर्ण झालेली एक पावती होती आणि सरकारी कुटुंबयादीसाठी काढलेला घरातल्या सगळ्यांचा फोटो. फोटोत आठ माणसं. तिने तिघांवर बोट ठेवलं आणि गप्प राहिली. मग पावती दाखवून म्हणाली, "माझं कार्ड घेतलं आणि ही पावती दिली. नवीन देऊ म्हणाले. नवीन जे देतात ते घेतलं, की मी त्या देशात उपरी ठरते."

ती पावती समजली की हा सगळा विषय समजतो. म्हणून जरा मागे जाते.

रोहिंग्यांचं गाव-घर म्यानमारच्या राखीन प्रांतात, त्याचं जुनं नाव आराकान. १७९९ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने तिथले मुसलमान स्वतःला 'रूइंगा' म्हणवतात अशी नोंद केली आहे. पुढे इंग्रजांनी आराकान घेतलं, चाटगावकडून शेतमजूर आले, हेही खरं. म्यानमारच्या राज्यकर्त्यांनी या दुसऱ्या गोष्टीवरून सगळ्यांनाच 'बंगाली' ठरवलं. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यात १८२३ च्या आधीपासून राहणाऱ्या जमाती ह्या मूळच्या, असं धरलं आणि सरकारी यादीतल्या १३५ जमातींत रोहिंग्यांना जागा नाही. पूर्वी त्यांच्याकडे इतरांसारखीच ओळखपत्रं होती. ती गेली, १९९५ पासून तात्पुरती पांढरी कार्डं आली, त्यावर २०१० मध्ये मतदानसुद्धा झालं. २०१५ मध्ये तीही रद्द केली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत मताचा हक्क गेला. त्या बाईच्या हातातली पावती ह्याच पांढऱ्या कार्डाची. आता 'राष्ट्रीय पडताळणी कार्ड' घ्या म्हणतात. ते घेणं म्हणजे आपण नागरिक नाही, अर्जदार आहोत, हे स्वतःच्या सहीने मान्य करणं.

मधल्या काळात शेजारच्या तालुक्यात जायला परवाना, लग्नाला परवानगी, उत्तर राखीनमध्ये दोनच मुलांची अट. माणूस जिवंत होता, पण सरकारी दप्तरात तो फक्त मोजायचा होता.

मग २५ ऑगस्ट २०१७. आरसा या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने पोलिसांच्या सुमारे तीस चौक्यांवर हल्ले केले आणि लष्कराने गावंच्या गावं पेटवली. तुला टोली, इन दिन या हत्याकांड झालेल्या गावांची नावं तेव्हा जगभर छापून आली. काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं सीमेवरची नाफ नदी ओलांडून बांगलादेशात आली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाच्या मते ३९२ गावं पूर्ण किंवा अंशतः नष्ट झाली.

आज उखिया आणि टेकनाफच्या ३३ छावण्यांत दहा लाखांच्या वर लोक आहेत. दरवर्षी तिथे सुमारे ३०,००० बाळं जन्मतात. त्यातल्या काही शेकड्यांच्या जन्माला मी हजर होते.

परत जावं का? जावंच. मला तिथे भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाला परत जायचं होतं. "अन्नासाठी, औषधासाठी आलेत, जाणार नाहीत," हे चूक आहे. पण ज्याला आपण सन्मानाने परत जाणं म्हणतो त्यात मला तीन गोष्टी दिसतात: हातात नागरिकाचा कागद, पायाखाली स्वतःची जमीन आणि बाजारापर्यंत जायला मोकळा रस्ता. ह्या तिन्हींशिवाय नेऊन सोडलं तर काय होतं, हे दोनदा घडून गेलं आहे. त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

घाटमाथा

लेख मनापासून लिहिला आहे, तरी माझी शंका स्पष्ट मांडतो. बांगलादेश लहान, दाटीवाटीचा देश. त्याने किती वर्षं सोसायचं? आठ वर्षं झाली. नागरिकत्वाचा प्रश्न सुटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर कदाचित कधीच कुणी जाणार नाही. आधी जाऊ द्या, मग तिथे राहून हक्क मागा, यात चूक काय? आणि आरसाने त्याच ऑगस्टमध्ये हिंदूंची हत्या केली, त्याचा तुमच्या लेखात उल्लेख नाही. तो यायला हवा होता.

---

कृष्णाकाठ

घाटमाथा, तो उल्लेख यायला हवा होता, मान्य. खा माउंग सेइक भागात हिंदू गावकऱ्यांना मारलं गेलं, अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने त्याची चौकशी करून मृतांचा आकडा ९९ पर्यंत असू शकतो असं म्हटलं. तिथून आलेल्या हिंदू निर्वासितांची कुतुपालाँग छावणीजवळ वेगळी वस्ती होती, चारेकशे माणसांची. तिथल्या बायकाही आमच्या दवाखान्यात यायच्या. एकीच्या कपाळावर कुंकवाची जागा रिकामी होती. ती आणि पावतीवाली बाई बाकावर शेजारी बसून नंबराची वाट बघायच्या. दोघींची गावं जळली होती.

बांगलादेशाने किती सोसायचं, हा तुमचा प्रश्न तर उखियातले लोक मला रोज विचारायचे. छावण्या जिथे आहेत तिथे आधी साग-गर्जनाचं जंगल होतं, हत्तींची वाट होती. स्थानिक मजुराची रोजी उतरली, कारण निर्वासित निम्म्यात राबायला तयार. विहिरी आटल्या. आमच्या ओपीडीत रोज गावातले बांगलादेशी पेशंटही असायचे, आणि "आमच्यासाठी कोण येतं?" हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या लोकांनी २०१७ च्या सप्टेंबरात स्वतःच्या ओट्यावर, शाळेत, मशिदीत अनोळखी माणसांना जागा दिली होती. त्यांच्यासाठीसुद्धा हे परत जाणं खरं व्हायला हवं. अर्धवट पाठवलं तर तीच माणसं पाच-दहा वर्षांनी पुन्हा त्याच नदीतून येतात.

---

जुना_वाचक

वरच्या शेवटच्या वाक्याला पुष्टी देतो. वय ७१. १९७८ च्या बातम्या मला आठवतात, आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळी यायच्या.

त्या वर्षी बर्माच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, लष्कराने 'नागामिन' म्हणजे ड्रॅगनराजा नावाची मोहीम काढली, कागद तपासायच्या निमित्ताने. सुमारे दोन लाख माणसं बांगलादेशात आली. जुलैमध्ये दोन्ही देशांत करार झाला. करारात शब्द होता 'बर्माचे कायदेशीर रहिवासी'. हे नीट लक्षात घ्या. लोक मात्र जायला तयार नव्हते. मग छावण्यांतला शिधा आखडता घेतला गेला. सुमारे १०,००० माणसं मेली, त्यात बहुतेक मुलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचा त्या वेळचा कॉक्स बाजारचा प्रमुख अॅलन लिंडक्विस्ट याने हे स्वतः अहवालात लिहून ठेवलं आहे. त्यानंतर लोक भराभर 'स्वेच्छेने' परत गेले. १९७९ च्या अखेरीपर्यंत एक लाख ऐंशी हजारांवर.

आणि ज्यांना १९७८ मध्ये कायदेशीर रहिवासी म्हणून परत घेतलं, त्यांच्यासाठी चारच वर्षांनी १९८२ चा कायदा आला.

दुसरी खेप १९९१-९२. अडीच लाख आले. पुन्हा समझोता, पुन्हा परतवणी, १९९७ पर्यंत सुमारे दोन लाख तीस हजार गेले. यात बळजबरी झाली असे आरोप तेव्हाही झाले. गेलेल्यांना मिळालं काय, तर १९९५ ची तीच पांढरी कार्डं. घाटमाथा यांचं "आधी जाऊ द्या, मग हक्क मागा" हे दोन वेळा करून झालं आहे. मागायला गेलेल्यांचीच मुलं २०१७ मध्ये पळून आली. नयापारा आणि कुतुपालाँगच्या जुन्या छावण्यांत १९९२ पासून राहणारी कुटुंबं आहेत, त्यांनी ही नवी गर्दी येताना पाहिली.

---

अबोली

वाचतेय. माझे प्रश्न कदाचित बाळबोध वाटतील. बांगलादेशच नागरिकत्व का देत नाही? किंवा अमेरिका, कॅनडा वगैरे देश का घेत नाहीत? आणि २०१८ नंतर परत प्रयत्न झाले का?

कृष्णाकाठताई, त्या पावतीवाल्या बाईचं पुढे काय झालं?

---

कृष्णाकाठ

अबोली, बाळबोध नाहीत. तिसऱ्या देशात काही जण जातात, पण दहा लाखांत ते मूठभर. बांगलादेश नागरिकत्व देणार नाही हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं आहे; ते 'निर्वासित' हा शब्दही टाळतात, 'बळाने विस्थापित म्यानमार नागरिक' म्हणतात. या शब्दात 'म्यानमार नागरिक' आहे, हे मला आवडतं. निदान एका सरकारच्या कागदावर तरी ते नागरिक आहेत.

प्रयत्न झाले. २३ नोव्हेंबर २०१७ ला दोन सरकारांत करार झाला, लोक अजून नदी ओलांडत होते तेव्हा. जानेवारी २०१८ मध्ये ठरलं की दिवसाला ३००, आठवड्याला १,५०० माणसं, आणि दोन वर्षांत सगळं आटपायचं. गुणाकार करून बघा. त्या गतीने दोन वर्षांत दीड लाखाच्या आसपास होतात, सात लाखांना नऊ वर्षं लागतात. पुढे गती वाढवू असं म्हणाले होते, पण पहिले तीनशेही गेले नाहीत. त्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी म्यानमारशी समझोता केला, त्याचा मजकूर बाहेर फुटला, आणि त्यात ना नागरिकत्वाची हमी, ना देशभर फिरायची. ज्यांच्याबद्दल हे सगळं, त्यांना विचारलं कुणीच नव्हतं. छावणीतल्या लोकांना स्वतःच्या भविष्याचा मसुदा मोबाईलवर फिरत आलेल्या फोटोंतून कळला.

२२ ऑगस्ट २०१९ ला दुसरा प्रयत्न. म्यानमारने ३,४५० नावं मंजूर केली होती. पुन्हा बसगाड्या उभ्या, पुन्हा रिकाम्या. तीन दिवसांनी कुतुपालाँगच्या उघड्या टेकडीवर सुमारे दोन लाख माणसं जमली. मोहिबुल्ला तेव्हा त्यांचे पुढारी, पेशाने शिक्षक. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला जायचंय, पण आमच्याशी बोला. छावणीत घरोघर फिरून मेलेल्यांची यादी केलेला माणूस तो. २९ सप्टेंबर २०२१ ला छावणीतच त्यांना गोळ्या घालून मारलं. परत जाऊ म्हणणारा सगळ्यात मोठा आवाज गेला, आणि तो छावणीतल्या बंदूकवाल्यांना नको होता.

बाईबद्दल नंतर लिहिते.

---

दर्यावर्दी

मी सहसा नुसता वाचतो, पण राखीनची राजधानी सितवे पाहिलेल्या माणसाने गप्प बसू नये. कलादान प्रकल्पात भारताने सितवेला बंदर बांधलं, त्या कामावर मी २०१४ मध्ये काही महिने होतो. मूळचा मालवणचा, समुद्रातली कामं हाच पेशा.

सितवे गावात आँग मिंगलार नावाचा मोहल्ला आहे. २०१२ च्या जून आणि ऑक्टोबरमधल्या दंगलींनंतर गावातले बाकी सगळे मुसलमान मोहल्ले रिकामे झाले, हा एवढा राहिला. तोंडाशी पोलीस चौकी, काटेरी तार. आतल्या माणसाला बाहेर यायची परवानगी नव्हती. मासळीबाजार तिथून चालत जाण्यासारखा. आम्ही मासे घ्यायला जायचो, आणि तारेपलीकडे ज्या लोकांचा पिढ्यानपिढ्या मासेमारीचा धंदा होता ते उभे असायचे. आपल्याकडे कोळीवाड्याला तार घातली तर कसं होईल, तसं.

गावाबाहेर २०१२ मधल्या विस्थापितांच्या छावण्या. तेव्हा एक लाख चाळीस हजार माणसं होती त्यांत, आणि एक लाखावर आजही तशीच आहेत. आता मुद्दा: ही माणसं म्यानमारमध्येच आहेत. नदी ओलांडायची नाही, दुसऱ्या सरकारशी करार करायचा नाही. घर काही किलोमीटरवर. तेरा वर्षांत त्यांना स्वतःच्या दारात जाता आलेलं नाही. तिथल्या सरकारची दानत बघायला कॉक्स बाजारला जायची गरजच नाही. आधी त्यांना घरी सोडा, ती बातमी बांगलादेशातल्या छावण्यांत एका रात्रीत पोचेल.

२०१८ मध्ये राखीनमधल्या, बांगलादेश सीमेलगतच्या माउंगडॉजवळ ह्ला फो खाउंग नावाची संक्रमण छावणी परतणाऱ्यांसाठी बांधली. 'तात्पुरती' म्हणून. २०१२ च्या छावण्याही तात्पुरत्याच होत्या.

---

कृष्णाकाठ

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांच्या तोंडीही तेच असायचं, "सितवेच्या कॅम्पात नेणार असाल तर इथलाच कॅम्प बरा."

जमिनीचा मुद्दा यालाच जोडून. आपल्याकडे धरणग्रस्ताच्या हातात निदान सातबारा असतो, त्यावर तो तीन पिढ्या भांडतो. इथे सप्टेंबर २०१७ मध्येच म्यानमारच्या मंत्र्यांनी सांगून टाकलं की जळालेली जमीन कायद्याने सरकारच्या ताब्यात जाते. पुढच्या काही महिन्यांत निदान ५५ गावांवर बुलडोझर फिरल्याचं उपग्रहाच्या चित्रांत दिसलं. विहिरी, झाडं, मशिदी, बांध, काहीच उरलं नाही. बांध गेला की शेत कुठलं ते शेतकऱ्यालाही ओळखता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात चीनच्या मध्यस्थीने वीस रोहिंग्यांना माउंगडॉला 'बघून या' म्हणून नेलं. त्यांना बांधलेल्या वसाहती दाखवल्या. परत येऊन त्यांनी सांगितलं, आम्हाला कॅम्पात नाही, गावात जायचंय.

---

काळा_डगला

भारताची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. (बांगलादेशानेही नाही.) त्यामुळे आपल्याकडचे रोहिंग्या परदेशी नागरिक कायद्याखाली येतात. संयुक्त राष्ट्रांकडे नोंद असलेले वीस हजारांच्या वर आहेत, जम्मू, हैदराबाद, दिल्ली, नूह अशा ठिकाणी.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सात जणांना मणिपूरच्या मोरेह सीमेवरून म्यानमारच्या ताब्यात दिलं. ते २०१२ पासून आसामच्या तुरुंगात होते. सर्वोच्च न्यायालयाने थांबवायला नकार दिला. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या स्थानबद्धांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की कायद्यात सांगितलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवू नये. प्रक्रिया म्हणजे काय, तर ज्या देशात पाठवायचं त्याने 'हा आमचा' म्हणायला हवं. आणि रोहिंग्याला 'हा आमचा' म्हणायलाच तर म्यानमार तयार नाही. कायद्याची गाठ तिथे बसते.

दुसरीकडे भारताने एक चांगलं काम केलं, त्याची फारशी चर्चा होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राखीनसाठी २.५ कोटी डॉलरचा विकास करार केला आणि परतणाऱ्यांसाठी माउंगडॉ भागात २५० घरं बांधून जुलै २०१९ मध्ये सुपूर्द केली. घरं झाली. राहायला येणाऱ्याला तिथला नागरिक म्हणा, हे सांगायची ताकद भारताकडे आहे असं मला वाटतं. दोन्ही देशांशी सीमा आहे, सितवेत आपलं बंदर आहे. ती ताकद आपण वापरलेली नाही, आणि मला हे वकील म्हणून नाही, नागरिक म्हणून खुपतं.

---

रत्नांग्रीकर

आमच्या गावाशी याचा एक धागा आहे. तो नेहमी पर्यटनाच्या माहितीत येतो, इथे वेगळ्या अंगाने सांगतो.

बर्माचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केला आणि रत्नागिरीला आणून ठेवला. तीस वर्षं तो इथे होता. परत मंडालेला जायला त्याला कधीच मिळालं नाही. १९१६ च्या डिसेंबरात इथेच गेला, समाधी इथेच आहे. लहानपणी आम्ही तिथे खेळायला जायचो. राणी सुपयालत हिला १९१९ मध्ये परत जायची परवानगी मिळाली. पण कुठे? रंगूनला. मंडालेला नाही. १९२५ मध्ये ती रंगूनमध्येच गेली. देशात परतली, घरी नाही. राणीची ही कथा, तर शेतकऱ्याची काय असेल! दर्यावर्दी यांनी लिहिलेली ती संक्रमण छावणी वाचून मला पहिल्यांदा तीच आठवली.

आणखी एक. थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आणि लष्करप्रमुख मिन आँग ह्लाईंग रत्नागिरीला समाधीवर आले होते. परक्या भूमीत राहिलेल्या आपल्या राजाला वंदन करायला. त्याच महिन्यांत माउंगडॉमध्ये त्यांचं सैन्य गावं जाळत होतं आणि हजारो लोक नाफ ओलांडत होते. २०२४ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने ह्याच मिन आँग ह्लाईंगवर वॉरंट मागितलं. ते आले त्या दिवशी मी समाधीच्या रस्त्यावर बंदोबस्तापलीकडे उभा होतो. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

---

घाटमाथा

जुना_वाचक आणि दर्यावर्दी यांचे प्रतिसाद वाचून माझं "आधी जाऊ द्या" मागे घेतो. १९७८ चा शिध्याचा भाग मला माहीत नव्हता. पण मग आज नेमकं बोलायचं कुणाशी? मी वाचलं की राखीनमधून लष्करच हटलं आहे.

---

कृष्णाकाठ

घाटमाथा, हा आजचा खरा प्रश्न. लष्कराने फेब्रुवारी २०२१ मध्ये सत्ता घेतली. नोव्हेंबर २०२३ पासून आराकान आर्मी, म्हणजे राखीन बौद्धांची सशस्त्र संघटना, लष्कराशी लढतेय. डिसेंबर २०२४ मध्ये माउंगडॉ पडलं आणि बांगलादेशाला लागून असलेली सगळी सीमा त्यांच्या हाती गेली. प्रांतातले १७ पैकी १४ तालुके त्यांच्याकडे. लष्कराकडे सितवे आणि क्याउकफ्यू धरून तीनच उरले.

यात रोहिंग्यांचे हाल दोन्हीकडून. ज्या लष्कराने त्यांना नागरिक मानलं नाही त्यानेच २०२४ मध्ये त्यांच्या तरुणांना सक्तीने भरती करून आराकान आर्मीपुढे उभं केलं. मे २०२४ मध्ये माउंगडॉशेजारचं बुथिडाँग जळलं. ५ ऑगस्ट २०२४ ला नाफच्या काठावर नावेची वाट बघत थांबलेल्या कुटुंबांवर ड्रोनमधून बॉम्ब पडले. माझ्या जुन्या दवाखान्यातल्या सहकारी त्या दिवसांत जखमा बांधत होत्या. २०२५ च्या मध्यापर्यंत दीड वर्षात आणखी दीड लाख लोक आले. आपण परत पाठवायचं बोलतोय आणि माणसं अजून येताहेत.

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला म्यानमारच्या लष्करी सरकारने सांगितलं की बांगलादेशाने दिलेल्या आठ लाख नावांपैकी १,८०,००० परत यायला पात्र आहेत. कागदोपत्री हे मोठं पाऊल. पण ज्या गावांत ते जाणार तिथे त्या सरकारचा एक शिपाई नाही. आणि जिच्या ताब्यात गावं आहेत त्या संघटनेचे प्रमुख अजून त्यांना 'बंगाली'च म्हणतात.

म्हणून माझ्या मते आता तिघांशी बोलायला हवं. आराकान आर्मीशी बोलल्याशिवाय सुरक्षितता नाही. लष्करी सरकार किंवा पुढे जे येईल ते, याच्याशी बोलल्याशिवाय नागरिकत्व नाही. आणि रोहिंग्यांशी बोलल्याशिवाय काहीच नाही. राखीन बौद्ध शेतकरीही तितकाच गरीब आहे, त्याच्या मनातली भीती खरी आहे, आणि उद्या बांधाला बांध लागून राहायचं ते ह्या दोघांना. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या राखीनविषयीच्या आयोगाने २०१७ मध्ये ८८ शिफारशी दिल्या, त्यात नागरिकत्वापासून फिरण्याच्या मोकळिकीपर्यंत सगळं होतं. अहवाल २४ ऑगस्टला आला आणि दुसऱ्या दिवशी हल्ले झाले. तो कागद अजून उपयोगाचा आहे.

तोवर छावणीत माणसासारखं जगता यावं, एवढं तरी. २०२३ मध्ये महिन्याचा माणशी शिधा १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आणला होता, पुढे पुन्हा वाढवला. २०२५ मध्ये ६ वर आणायची वेळ आली होती, ती कशीबशी टळली. जुना_वाचक यांनी १९७८ चं लिहिलंय ते वाचून मग हे आकडे वाचा. पोट आवळून मिळवलेली सही ही स्वेच्छा नव्हे.

---

अबोली

ताई, बाईचं राहिलं.

---

कृष्णाकाठ

हो. तिचं नाव दोन्ही याद्यांत नव्हतं. माझा करार २०१९ च्या ऑगस्टअखेर संपला. निघायच्या आठवड्यात ती धाकट्या मुलीला घेऊन आली, पोरीला खोकला होता. तेव्हा छावणीत म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता (पुढे २०२१ अखेर तो सुरू झाला), पण शेजारचा एक शिक्षक झोपडीतच मुलांना बर्मी अक्षरं शिकवायचा. मुलगी जमिनीवर बोटाने ती गोलगोल अक्षरं काढत बसली होती. मी दुभाष्याला विचारायला लावलं, इथे बांगलादेशात बर्मी कशाला? आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी चुकीचं विचारलं. म्हणाली, "गावी गेल्यावर कचेरीत काय वाचेल ही?"

मग तिने ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. पावसाने कड फाटली होती, पावतीच्या कोपऱ्याला ओल लागली होती. औषधांच्या गोळ्या भरायला आमच्याकडे दाबून बंद होणाऱ्या जाड पिशव्या असतात, तसली एक मिळेल का, असं तिने विचारलं. मी दोन दिल्या. तिने पावती आणि फोटो एकीत घातला, हवा काढून दाबून बंद केली, ती दुसरीत घातली, आणि पुन्हा एकदा कडेवरून बोट फिरवून बघितलं.